तपासणीयंत्रांची डिजिटल जोडणी : वैद्य आणि औषधविक्रेते यांच्यापुढील विचारणीय प्रश्न

गेल्या काही वर्षांत आपल्या दवाखान्यांत, पंचकर्म केंद्रांत आणि औषधी दुकानांत एक नवा बदल होऊ लागला आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन रक्तशर्करा मोजणारा ग्लुकोमीटर आपल्याला नवा नाही. हिमोग्लोबिन, रक्तदाब, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजणारी छोटी यंत्रेही परिचयाची आहेत. नवी आहे ती त्यांची जोडणी. यंत्रावर उमटलेला आकडा आता आपोआप मोबाईलमध्ये उतरतो, तेथून दूरच्या संगणकावर जातो आणि रुग्ण, वैद्य, यंत्राची कंपनी अशा अनेकांच्या दृष्टीस पडू शकतो. विक्री प्रतिनिधी येतात, यंत्र टेबलावर ठेवतात आणि नोंदवही ठेवण्याची गरज आता उरली नाही असे सांगून जातात. यंत्र बहुधा स्वस्तात, कधी विनामूल्यही मिळते. मग घ्यावे की न घ्यावे, असा प्रश्न अनेक वैद्यबंधू-भगिनींना पडतो.

प्रस्तुत लेखकाचा या जोडणीला विरोध नाही. तथापि एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आवश्यक वाटते. यंत्राचा आकडा जोवर आपल्या टेबलावर राहत होता, तोवर त्याच्या सोबतीला वैद्य होता. रुग्ण नुकताच चहा-बिस्किटे घेऊन आला आहे, रुग्णा पांडुर दिसते आहे, काल रात्रीची गोळी चुकली आहे, हे सारे वैद्याला ठाऊक असे आणि आकड्याचा अर्थ तो त्या माहितीच्या आधारे लावी. जाळ्यावरून पुढे जातो तो मात्र बहुधा नुसता आकडा. म्हणून आकड्यासोबत त्याचा संदर्भ कसा जाईल आणि तो पाहून कृती कोण करील, याची व्यवस्था आधी व्हावी. जोडणी त्यानंतर करावी. हा क्रम उलटा झाला तर रुग्णाचे अहित होण्याचा संभव आहे.

जोडणीचा लाभ कोठे दिसला?

डिजिटल जोडणीमुळे खरोखर काय साधते, याचे उदाहरण क्षयरोगाच्या क्षेत्रात आहे. मे २०१२ मध्ये केंद्र शासनाने क्षयरुग्णांची नोंद कळविणे बंधनकारक केले आणि त्याच वर्षी 'निक्षय' ही संगणकीय नोंदप्रणाली सुरू झाली. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्रयोगशाळांप्रमाणेच औषधविक्रेत्यांवरही हे दायित्व आले. दरम्यान थुंकीच्या नमुन्यातील जंतूंचे जनुकीय परीक्षण करणारी यंत्रे आली. त्यांपैकी 'ट्रूनॅट' हे बॅटरीवर चालणारे यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यात तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली आणि कोविडच्या साथीत तेच यंत्र देशभर वापरले गेले.

या व्यवस्थेत एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. यंत्राने 'क्षय आहे' असे सांगितल्यावर पुढे काय करावयाचे, हे तेथे ठरलेले असते. औषध कोण देणार, पाठपुरावा कोण करणार, पोषणासाठीचे साहाय्य कोणत्या बँक खात्यात जमा होणार, हे सर्व त्याच नोंदीला जोडलेले असते. हे साहाय्य एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये होते. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० रुपये झाले. म्हणजे जोडणीच्या पलीकडच्या टोकाला एक जबाबदार व्यक्ती आणि एक निश्चित कृती आहे. आपल्या दवाखान्यात येणाऱ्या ग्लुकोमीटरच्या जोडणीला पलीकडचे टोक आहे काय, हा पहिला प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

परंपरेची अडचण आहे काय?

आपल्यातील काही ज्येष्ठ वैद्यांना यंत्रांविषयीच साशंकता वाटते. नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक् आणि आकृती ही अष्टविध परीक्षा असताना यंत्राचा आश्रय कशासाठी, असे ते विचारतात. या भावनेचा आदर राखूनही असे म्हणावे लागते की, आपल्या शास्त्राने परीक्षेची साधने कधी मर्यादित केली नाहीत. आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान या तीन प्रमाणांसह चरकाचार्यांनी युक्तीलाही स्थान दिले. प्रमेहाच्या रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात हे निरीक्षण म्हणजे त्या काळातील शर्करापरीक्षाच होती. पुण्यात विकसित झालेले 'नाडी तरंगिणी' हे यंत्र नाडीचे स्पंद नोंदविण्याचाच प्रयत्न करते. इंद्रियांची शक्ती वाढविणारे साधन प्रत्यक्ष प्रमाणाच्या विरोधात जात नाही.

परंतु अनेक कारणांचा एकत्र विचार करून निष्कर्ष काढणारी बुद्धी म्हणजे युक्ती, आणि ती यंत्रात नसते. आधुनिक यंत्र योग्य प्रकारे वापरावयाचे असेल तर आपली दर्शन-स्पर्शन-प्रश्न परीक्षा अधिक काटेकोर हवी, हे पुढील उदाहरणांवरून लक्षात येईल.

आकडा कितपत खरा?

ग्लुकोमीटरसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार, रक्तशर्करा १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास यंत्राचा आकडा प्रयोगशाळेतील आकड्यापासून १५ मिलिग्रॅमपर्यंत आणि १०० किंवा अधिक असल्यास १५ टक्क्यांपर्यंत ढळलेला चालतो. शंभरांतील पंचाण्णव आकडे या मर्यादेत असले की यंत्र मानकास उतरले. याचा व्यावहारिक अर्थ असा की, उपाशीपोटी प्रत्यक्षात १२० असलेली शर्करा चांगले यंत्रही १०२ किंवा १३८ अशी दाखवू शकते. मधुमेहाच्या निदानाची उपाशीपोटीची सीमा १२६ आहे. म्हणजे एकाच रुग्णास एक यंत्र निरोगी आणि दुसरे यंत्र मधुमेही ठरवू शकेल. म्हणूनच ग्लुकोमीटर ज्ञात मधुमेहाच्या देखरेखीसाठी आहे. निदान प्रयोगशाळेतील शिरेच्या रक्तावर करावे. टेबलावरचा १३८ हा आकडा वैद्य पडताळून पाहील. पण तो एकदा डिजिटल आरोग्यनोंदीत 'मधुमेह' या शब्दासह गेला की काढून टाकणे कठीण.

याहून महत्त्वाचा मुद्दा पांडुरोगाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्ताल्पतेने ग्रस्त आढळल्या. रक्तातील पेशींचे प्रमाण कमी असेल तर अनेक ग्लुकोमीटर शर्करा प्रत्यक्षाहून अधिक दाखवितात. काही नव्या यंत्रांत यासाठी दुरुस्तीची सोय असते, पण तीही ठराविक मर्यादेतच. त्यातच लोहाच्या अभावाने झालेल्या पांडुरोगात तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणीही अधिक येऊ शकते. म्हणजे एकीवर संशय आला म्हणून दुसरी करावी, तर दोन्ही एकाच दिशेने चुकतात. उलटपक्षी विदर्भात आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत आढळणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांत रक्तपेशींचे आयुष्य घटल्याने एचबीए१सी खोटी कमी येऊ शकते. देशपरीक्षेत भूमीचा आणि आतुराचा विचार करावयास आपल्याला शिकविले आहे, त्याचे याहून नेमके उदाहरण कोणते द्यावे? नेत्र, नख आणि जिव्हा पाहून पांडुत्व ओळखणारा वैद्यच येथे सांगू शकतो की या आकड्यावर विसंबू नये. मात्र जोडलेल्या यंत्रात हा शेरा लिहिण्यास जागाच नसेल, तर वैद्याचे ते ज्ञान त्याच्यापाशीच राहते आणि चुकीचा आकडा पुढे जातो.

याखेरीज लहानसहान कारणे पुष्कळ आहेत. फळ सोललेल्या किंवा गूळ हाताळलेल्या बोटातून घेतलेला थेंब शर्करा भलतीच वाढवून दाखवितो. आपल्या औषधी दुकानांत तर मध, अवलेह आणि शर्करायुक्त कल्प यांचा वावर असतो. म्हणून बोट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करणे हा नियम तेथे अधिकच कटाक्षाने पाळावयास हवा. बोट जोराने पिळल्यास थेंबात पेशींबाहेरचा द्रव मिसळतो आणि हिमोग्लोबिनचा आकडाही बिघडतो. जेवणानंतर बोटातील रक्तात शिरेतील रक्तापेक्षा शर्करा अधिक असते. तेव्हा तपासणी उपाशीपोटीची की जेवणानंतरची, हे आकड्यासोबत नोंदले नाही तर १६० हा आकडा काहीच सांगत नाही.

एककांचा घोळ तर विशेष सावधानतेचा आहे. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे रक्तशर्करा निराळ्या एककात मोजतात. तेथील आकड्यास सुमारे १८ ने गुणल्यावर आपला आकडा मिळतो. मुलाने परदेशातून पाठविलेल्या यंत्रावर '१०.५' दिसले तर ती आपल्याकडील सुमारे १८९ शर्करा होय. घाईने नोंद करणारा मदतनीस तो आकडा हिमोग्लोबिनच्या रकान्यातही टाकू शकेल, आणि तेथे तो अगदी स्वाभाविक दिसेल.

आकडा कोणाचा?

तपासणी अचूक झाली तरी ती योग्य व्यक्तीच्या नावावर जाणे आवश्यक असते. खेड्यात एकाच आडनावाची दहा-पंधरा घरे असतात. नावे सारखी असतात. तेच नाव रोमन लिपीत तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिले जाते. विवाहानंतर स्त्रीचे नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. जन्मतारखेऐवजी अनेक वृद्धांच्या कागदपत्रांवर १ जानेवारी किंवा १ जून अशी सोयीची तारीख असते. आणि सर्वांत अडचणीचे म्हणजे, संपूर्ण घराला मिळून एकच मोबाईल असतो. बहुतेक ॲप मात्र मोबाईल क्रमांकालाच व्यक्ती मानतात. सासूची शर्करा सुनेच्या नोंदीत जाण्यास एवढे कारण पुरे आहे.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातील १४ अंकी 'आभा' क्रमांक हा यावरील एक उपाय आहे, आणि आयुष पद्धतींच्या वैद्यांनाही त्याच्या व्यावसायिक नोंदणीत स्थान आहे. पण आभा क्रमांक घेणे ऐच्छिक असल्यामुळे दवाखान्याचा स्वतःचा रुग्णक्रमांक आणि केसपेपर यांची गरज संपत नाही. प्रत्येक तपासणीपूर्वी नाव, वय आणि गाव रुग्णाच्याच तोंडून वदवून घेण्याची जुनी रीत मोडू नये.

वीज, रेंज आणि पावसाळा

महानगरातील कार्यालयात बसून तयार केलेली प्रणाली अक्कलकुव्यात किंवा गडचिरोलीत कशी चालेल, याचा विचार तिच्या निर्मात्यांनी केलेला असतोच असे नाही. वीज गेली, रेंज गेली की आकडा यंत्रातच अडकून राहतो. काही प्रणाली तो साठवून ठेवतात आणि नंतर पाठवितात. परंतु यंत्राचे घड्याळ चुकीचे असेल तर सकाळची उपाशीपोटीची तपासणी रात्रीची म्हणून नोंदली जाते. तपासणीच्या पट्ट्यांचे तेच. बहुतेक पट्ट्या ३० अंशांपेक्षा कमी तापमानात आणि कोरड्या जागी ठेवावयाच्या असतात. विदर्भातील मे महिना आणि कोकणातील जुलै महिना यांत बंद नसलेल्या डबीतील पट्ट्यांचे काय होत असेल, हे सांगावयास नको. चूर्णास ओल लागू नये म्हणून जी काळजी आपण घेतो, तीच येथे घ्यावी. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि निर्मात्याने दिलेली मुदत संपताच उरलेल्या पट्ट्या टाकून द्याव्यात. नव्या डबीसोबत आणि ठराविक काळाने नियंत्रण द्रावण वापरून यंत्र पडताळावे. आपल्यातील किती दवाखान्यांत हे द्रावण आहे, याची चौकशी केल्यास उत्तर उत्साहवर्धक येणार नाही.

मोठ्या संस्थांनाही जोडणीचा धोका चुकलेला नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे अनेक कामे हाताने लिहून करावी लागली. तेथे निदान हाताने लिहिणारे मनुष्यबळ तरी होते. ज्या दवाखान्याने नोंदवही बंदच केली, त्याने अशा प्रसंगी काय करावे? यास्तव कागदी नोंद पहिले वर्षभर तरी चालू ठेवावी, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते.

रुग्णाची संमती आणि गोपनीयता

वैद्यापाशी रुग्ण जे बोलतो, ते चार भिंतींच्या बाहेर जाणार नाही या विश्वासावर आपला व्यवसाय उभा आहे. जोडलेल्या यंत्राने ही भिंत पातळ केली आहे. घरात एकच मोबाईल असताना गर्भचाचणीचा, क्षयाचा किंवा गुप्तरोगाचा निष्कर्ष संदेश म्हणून गेला, तर तो प्रथम कोण वाचील? एचआयव्ही-बाधितांच्या गोपनीयतेसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. अन्य रुग्णांची वेदनाही काही कमी नसते. विवाह ठरण्याच्या वयातील मुलीच्या आकडीचा अथवा श्वित्राचा उल्लेख बाहेर गेल्याने काय घडते, हे ग्रामीण भागातील प्रत्येक वैद्य जाणतो.

वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील कर्तव्ये लागू होण्यास टप्पे दिले आहेत. या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, विशिष्ट हेतूसाठी आणि पूर्ण माहिती मिळाल्यावर दिलेली असावी लागते. संमतीची सूचना इंग्रजीबरोबरच संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, अर्थात मराठीतही वाचण्याचा पर्याय रुग्णास द्यावा लागतो. माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एवढा दंड लहान दवाखान्यास होईल असे नाही. पण 'यंत्र कंपनीचे, माहितीही कंपनीकडे, आमचा काय संबंध?' असे म्हणून आपण मोकळे होऊ, ही समजूत सोडावी. ॲपमधील इंग्रजी मजकुराखाली रुग्णाच्या अंगठ्याने 'होय' दाबून घेणे म्हणजे संमती नव्हे. माहिती कोठे जाणार, कोण पाहणार आणि नको असल्यास काय करावयाचे, हे त्याला चार सोप्या मराठी वाक्यांत सांगावे. आणि त्याने नकार दिला तरी तपासणी व उपचार पूर्वीप्रमाणेच करावेत.

आकडा पाहून कृती कोणी करावयाची?

समजा, रात्री अकरा वाजता घरी तपासणी करणाऱ्या रुग्णाची शर्करा ५२ आली आणि तो आकडा वैद्याच्या मोबाईलवर पोहोचला. ७० च्या खाली शर्करा जाणे ही सावधगिरीची आणि ५४ च्या खाली जाणे ही धोक्याची सूचना मानतात. वैद्य झोपले आहेत, किंवा परगावी आहेत. रुग्णाची समजूत मात्र अशी की, आपला आकडा वैद्यराजांना दिसतो आहे, तेव्हा काही करावयाचे असल्यास ते कळवितील. ही खोटी निश्चिंतता जोडणी नसतानाच्या स्थितीपेक्षा अधिक घातक आहे. आपण चोवीस तास पाहणार नसू, तर तसे रुग्णास लेखी सांगावे. अशा वेळी लगेच साखर घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, शुद्ध हरपत असल्यास तोंडाने काही न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, या सूचना कुटुंबीयांपाशी छापील स्वरूपात असाव्यात.

आपल्या रुग्णांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्यांच्यातील अनेकजण आधुनिक वैद्यकाच्या शर्करा घटविणाऱ्या गोळ्या चालू ठेवून आपल्याकडे येतात, लंघन-पथ्य सुरू करतात आणि आपली औषधेही घेतात. या तिन्हींच्या एकत्रित परिणामाने शर्करा अकस्मात उतरू शकते. जोडलेल्या नोंदीत एका बाजूस केवळ गोळ्या आणि दुसऱ्या बाजूस केवळ आपली औषधे असतील, तर दोन्हीकडचे चिकित्सक अंधारात राहतात. दोन्ही पद्धतींची औषधे एकाच ठिकाणी दिसणे, हा या जोडणीचा सर्वांत मोठा लाभ ठरू शकेल. त्यासाठी आपणही आपल्या कल्पांची नावे आणि मात्रा स्पष्ट लिहिण्याची सवय लावून घ्यावी. 'चूर्ण क्रमांक ३' अशा सांकेतिक नोंदींनी हे साधणार नाही.

औषधविक्रेत्यांसाठी दोन शब्द

औषधी दुकानाच्या काउंटरवर शर्करा तपासून देण्याची सोय लोकांना उपयुक्त वाटते, यात शंका नाही. परंतु तपासणारा आणि औषध विकणारा एकच असला की मोह उत्पन्न होतो. यंत्रावर १५० दिसले आणि शेजारच्या फळीवरील मधुमेहावरचे चूर्ण पुढे सरकले, असे होऊ नये. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने निषिद्ध आहे, हे ॲपवरून रुग्णांना पाठविलेल्या संदेशांबाबतही विसरू नये. तसेच यंत्रातून निघालेला छापील कागद 'प्रयोगशाळा अहवाल' म्हणून देऊ नये. प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर अर्हता असलेल्या नोंदणीकृत चिकित्सकाची स्वाक्षरी हवी, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये घेतली आहे. वापरलेली सुई २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यातच गेली पाहिजे. हे नियम आयुष दवाखान्यांनाही लागू आहेत.

खरेदी करतानाचाही विचार हवा. यंत्र स्वस्त, पण पट्ट्या त्याच कंपनीच्या, असा बहुधा सौदा असतो. जोडणीमुळे यात आणखी एक गाठ पडते. वर्षानुवर्षांच्या नोंदी त्या कंपनीच्या संगणकावर अडकतात. कंपनीने ॲप बंद केले किंवा शुल्क वाढविले, तर आपल्या हाती काय राहील, हे पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

नोंदीत आयुर्वेद असेल काय?

या साऱ्या अडचणी वाचून 'नकोच ते' असे कोणी म्हणेल. तसे म्हणणे आपल्याला परवडणारे नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये आयुष मंत्रालयाच्या 'नमस्ते' पोर्टलवर आयुर्वेदीय व्याधींच्या प्रमाणित संज्ञा उपलब्ध झाल्या. १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांच्या संज्ञांचे प्रकरण प्रकाशित झाले. म्हणजे रुग्णाच्या डिजिटल नोंदीत 'कफज प्रमेह' असे निदान लिहिण्यासाठी भाषा सिद्ध आहे. आपण ती वापरली नाही, तर रुग्णाच्या नोंदीत आपल्या चिकित्सेचा मागमूसही राहणार नाही. केवळ शर्करेचा आलेख राहील. अग्नी, कोष्ठ, निद्रा, बल यांची नोंद नसलेला आलेख मधुमेहाच्या रुग्णाचे अर्धेही चित्र दाखवीत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ॲपमधील उतरता आलेख दाखवून 'आमच्या कल्पाने शर्करा घटली' असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. त्या रुग्णाने त्याच काळात आहार बदलला, चालणे सुरू केले, इतर गोळ्याही घेतल्या. आकडे वाढलेले असताना रुग्ण दवाखान्यात येतो आणि नंतर ते काही अंशी आपोआपही उतरतात. तुलनेसाठी दुसरा गट नसताना असा आलेख संशोधन ठरत नाही. आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा अशा घाईच्या दाव्यांनी वाढण्याऐवजी घटते.

संघटनेने काय करावे?

एकेकट्या वैद्याने कंपनीशी अटी ठरविणे कठीण आहे. संघटनेने ते करावे. त्यासाठी काही सूचना विनम्रपणे मांडतो.

१. जोडलेले यंत्र घेण्यापूर्वी विचारावयाच्या प्रश्नांची एक पृष्ठाची यादी संघटनेने तयार करावी. मानकाची पूर्तता, पांडुरोगातील मर्यादा, एकक, रेंज नसतानाची साठवण, माहितीची मालकी आणि ती परत मिळण्याची सोय हे मुद्दे तीत असावेत.

२. संमतीपत्राचा सुबोध मराठी नमुना आणि शर्करा अकस्मात उतरल्यास पाळावयाच्या सूचनांचा छापील तक्ता सर्व सभासदांना द्यावा.

३. प्रत्येक तालुक्यात वर्षातून दोनदा यंत्रपडताळणीचा दिवस ठरवावा. सभासदांनी आपापली यंत्रे आणावीत आणि स्थानिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने एकाच वेळी घेतलेल्या रक्ताच्या आकड्यांशी ती ताडून पाहावीत. याला खर्च अत्यल्प येईल.

४. यंत्राच्या आकड्यासोबत किमान चार गोष्टी नोंदल्याच जाव्यात, असा आग्रह सर्व कंपन्यांकडे धरावा : तपासणी उपाशीपोटीची की जेवणानंतरची, चालू असलेली दोन्ही पद्धतींची औषधे, पांडुत्व आहे की नाही, आणि वैद्याचा शेरा.

५. दवाखान्यातील मदतनीस आणि दुकानातील कर्मचारी यांच्यासाठी अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण असावे. प्रत्यक्षात बोटाला सुई तेच टोचतात आणि नाव तेच टंकलिखित करतात.

यांपैकी चौथी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शेऱ्यासाठी एक रकाना ही तंत्रज्ञांच्या दृष्टीने क्षुल्लक मागणी आहे. पण पांडुर रुग्णेचा १३८ हा आकडा ज्या पुढच्या चिकित्सकाला दिसेल, त्याला 'पांडुत्व आहे, प्रयोगशाळेत पडताळावे' हे चार शब्दही दिसले, तर एक स्त्री विनाकारण जन्मभराच्या गोळ्यांपासून वाचू शकते. आगामी वार्षिक सभेत या विषयावर चर्चा व्हावी आणि सभासदांनी आपापले अनुभव संघटनेकडे लेखी पाठवावेत, अशी विनंती आहे.